मुक्त आज्ञावली आणि बद्ध स्वर : घरगुती संगीतनिर्मितीच्या साधनांचे एक परीक्षण

१

घरच्या घरी संगीत ध्वनिमुद्रित करून त्याला पूर्ण रूप देणे ही आज अपवादात्मक गोष्ट राहिलेली नाही. एक साधा संगणक, एक मायक्रोफोन, आवाजाचे अंकांत रूपांतर करणारी एक छोटी पेटी आणि योग्य ती आज्ञावली एवढी सामग्री जवळ असली की पूर्वी ज्या कामासाठी ध्वनिमुद्रणगृहाचे दार ठोठवावे लागे, ते काम बैठकीच्या खोलीत होऊ शकते. या आज्ञावलींपैकी काही कंपन्यांच्या मालकीच्या आहेत, तर काही मुक्त-स्रोत आहेत. प्रस्तुत लेखात दुसऱ्या वर्गाचाच विचार केला आहे. कारण टीकेच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. ज्या साधनाची घडण झाकलेली असते, त्याच्याविषयी फार तर तक्रार करता येते. ज्याची घडण उघडी असते, त्याचे परीक्षण करता येते.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. 'मुक्त' म्हणजे 'फुकट' नव्हे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये त्या प्रकल्पाचा सार्वजनिक परवाना प्रसिद्ध झाला. त्या परंपरेत मुक्ततेचा अर्थ असा आहे : आज्ञावली कोणत्याही हेतूने वापरावी, तिची मूळ संहिता वाचावी व बदलावी, तिच्या प्रती वाटाव्यात आणि आपण केलेल्या बदलांसह ती पुन्हा प्रसृत करावी. किंमत हा यात गौण प्रश्न आहे. पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेली 'आर्डर' ही बहुपदरी ध्वनिमुद्रणाची आज्ञावली याचे चांगले उदाहरण होय. तिची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. परंतु चालवण्यास सिद्ध अशी प्रत तिच्या स्थळावरून हवी असल्यास मोबदला द्यावा लागतो. यात विसंगती काहीच नाही.

परंतु या मुक्ततेचा उच्चार करताना एक गोष्ट सहसा नजरेआड होते. परवाना वापरणाऱ्याला अधिकार देतो. साधनाच्या आकृतीत दडलेल्या कल्पनांपासून तो त्याची सुटका करीत नाही. स्वर म्हणजे काय, ताल म्हणजे काय, एका संगीतरचनेचा घटक कोणता, याविषयी प्रत्येक साधनाने काही एक निर्णय आधीच घेतलेला असतो. ते निर्णय मुक्त-स्रोत आज्ञावलींनी बहुतांशी पाश्चात्य कळफलक-संगीताकडून जसेच्या तसे उचलले आहेत. तेव्हा हिंदुस्थानी पद्धतीच्या, किंवा त्या पद्धतीवर पोसलेल्या मराठी गाण्याच्या, दृष्टीने या साधनांची किंमत करावयाची तर प्रश्न असा विचारला पाहिजे : परवान्याने मुक्त असलेली ही साधने स्वरापुरती कितपत मुक्त आहेत?

२

या प्रश्नाचे एकच उत्तर संभवत नाही, कारण ही साधने एकाच जातीची नाहीत. त्यांचे तीन वर्ग पाडणे सोयीचे होईल.

पहिला वर्ग ध्वनिलेखनाचा. १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनी आरंभलेली आणि २००० साली प्रसृत झालेली 'ऑडॅसिटी', तसेच 'आर्डर'चे मूळ अंग, ही या वर्गात येतात. येथे आज्ञावली केवळ हवेतील कंपनांची मोजदाद ठेवते. प्रत्येक सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा. गायिकेने कोमल गंधार कोठे लावला, मींड किती लांबवली, याच्याशी तिला कर्तव्य नसते. गळ्यातून जे आले ते ती टिपते. स्वराच्या बाबतीत हा वर्ग तटस्थ आहे असे म्हणता येते.

दुसरा वर्ग स्वरलेखनाचा. 'एलएमएमएस', तालवाद्यांसाठी असलेली 'हायड्रोजन', स्वरलिपी लिहिण्याची 'म्यूझस्कोर' आणि २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून 'आर्डर'चा एक भाग या वर्गात मोडतो. येथे ध्वनी टिपला जात नाही. कोणता स्वर, केव्हा, किती जोराने व किती वेळ वाजवावा याच्या आज्ञा टिपल्या जातात आणि त्यांवरून यंत्र ध्वनी निर्माण करते. तटस्थता येथे संपते, कारण आज्ञा द्यावयाची तर तिची भाषा आधी ठरलेली असावी लागते.

तिसरा वर्ग संहितेचा. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत बॅरी व्हर्को यांनी १९८६ मध्ये सिद्ध केलेली 'सीसाउंड', मिलर पकेट यांची 'प्युअर डेटा' व जेम्स मॅकार्टनी यांची 'सुपरकोलायडर' ही त्याची प्रमुख उदाहरणे. यांत स्वर हा मूलतः कंपनसंख्या असतो. बारा स्वरांचे सप्तक वापरावयाचे की अन्य काही, हे रचनाकार स्वतः लिहितो. म्हणून सिद्धान्ततः सर्वांत मोकळा वर्ग हाच. परंतु येथे गाणाऱ्याला प्रथम संहिताकार व्हावे लागते.

या तीन वर्गांकडे एकत्र पाहिले असता एक विपरीत प्रमाण ध्यानात येते. निर्मितीच्या क्षेत्रात जे साधन नवशिक्याला सर्वांत सुलभ, ते आपल्या संगीताला सर्वांत प्रतिकूल. आणि जे अनुकूल, ते सर्वांत दुर्गम. घरी बसून प्रथमच संगीत रचू पाहणारा विद्यार्थी स्वाभाविकपणे दुसऱ्या वर्गाकडे वळतो. म्हणून परीक्षणाचा मुख्य भार त्याच वर्गावर टाकणे प्राप्त आहे.

३

स्वरलेखनाच्या बहुतेक आज्ञावलींच्या मुळाशी 'मिडी' नावाचा संकेत आहे. १९८३ मध्ये विद्युत्-वाद्ये बनवणाऱ्या कंपन्यांनी परस्परांची यंत्रे जोडता यावीत म्हणून तो मान्य केला. त्यात स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक दिलेले आहेत. सर्वसामान्य व्यवहारात ६९ हा क्रमांक ४४० कंपनांचा मानतात व शेजारच्या दोन क्रमांकांत १०० सेंटचे, म्हणजे सप्तकाच्या नेमक्या बाराव्या भागाचे, अंतर धरतात. पडद्यावर या क्रमांकांच्या आडव्या ओळी दिसतात, डाव्या बाजूस पियानोच्या पट्ट्या असतात आणि स्वर म्हणजे त्या ओळीत ओढलेली एक आडवी पट्टी असते.

या समविभाजित सप्तकाचा तंबोऱ्याशी कसा विरोध येतो ते एका उदाहरणाने पाहू. काळी एक हा षड्ज धरला, तर तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा सुमारे १३८.६ कंपनांच्या असतील. त्या तारांतून पाचपट कंपनांचा, म्हणजे सुमारे ६९३ कंपनांचा, सहायक नाद उमटतो. आपण ज्याला स्वयंभू गंधार म्हणतो त्याचे मूळ हेच. आता त्याच षड्जावरून आज्ञावलीतील शुद्ध गंधार वाजवला, तर त्याचा चौपट कंपनांचा सहायक नाद सुमारे ६९८.५ वर पडतो. दोहोंत साडेपाच कंपनांचे अंतर राहते आणि तेवढेच विस्पंद दर सेकंदाला कानाशी थरथरतात. सेंटच्या परिभाषेत सांगावयाचे तर एक गंधार ३८६ वर आणि दुसरा ४०० वर आहे. भूप किंवा यमन यांसारख्या रागात, जेथे गंधारावर ठेहराव करावयाचा असतो, तेथे हे वैगुण्य शास्त्राच्या पुस्तकातले राहत नाही. साधा श्रोताही ते ऐकतो, जरी त्याला त्याचे नाव सांगता आले नाही तरी.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, संकेतात 'पिच-बेंड' नावाची सोय आहे व तिने स्वर हवा तसा वर-खाली नेता येतो. आक्षेप खरा आहे. किंबहुना या सोयीची सूक्ष्मता आश्चर्यकारक आहे : तिचे १६,३८४ टप्पे पडतात व रूढ मर्यादेत एक टप्पा एका सेंटच्या चाळिसाव्या भागाएवढा येतो. इतकी सूक्ष्मता कोणत्याही कानाला पुरेशी आहे. म्हणजे दोष सूक्ष्मतेच्या अभावाचा नाही. दोष कल्पनेचा आहे. या भाषेत स्थिर स्वर हा नियम ठरतो आणि मींड हा त्या नियमाला दिलेला बाक. आपल्या संगीतात संबंध नेमका उलट आहे. दरबारीचा आंदोलित गंधार हा आधी एक स्थिर बिंदू असून मग हलवलेला नसतो. ते आंदोलन हेच त्याचे स्वरूप होय. त्यातून हालचाल काढून घेतली तर उरतो तो दरबारीचा गंधार नव्हे. शिवाय मूळ संकेतात ही सोय एका वाहिनीवरील सर्व स्वरांना एकदम लागू होते. एक स्वर स्थिर ठेवून त्याच वाहिनीवरचा दुसरा घसरवता येत नाही. २०१८ मध्ये मान्य झालेल्या विस्ताराने आणि २०२० मधील दुसऱ्या आवृत्तीने ही अडचण बरीच दूर केली आहे. तथापि पडद्यावरील आकृती अद्याप तीच आहे : ओळीतली पट्टी ठळक, आणि तिची हालचाल खालच्या एका निराळ्या रकान्यात.

४

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींची गणिते मांडली. बावीस श्रुतींवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये निघाले. ई. क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याने तोच विषय पुढे नेला आणि श्रुतींप्रमाणे सूर मिळवलेली पेटी तयार करवण्यात आली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झाली. परंतु गायकांच्या मान्यतेची मोहोर तिच्यावर उमटली नाही. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या कार्यक्रमांतून बाहेर काढले आणि १९७१ पर्यंत ती बंदी कमीअधिक प्रमाणात टिकली. या सर्व काळात मराठी रंगभूमी व मैफल यांनी मात्र पेटी सोडली नाही, आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनी त्या सदोष वाद्यातून काय साधता येते ते दाखवून दिले.

या इतिहासातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, सूर सुधारले म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. आजच्या मुक्त आज्ञावलींतही देवलांच्या पेटीचे वंशज आहेत. 'झिनअ‍ॅडसबएफएक्स' किंवा 'सर्ज' या स्वरनिर्मिती करणाऱ्या आज्ञावलींत कोणत्याही सप्तकाचे कोष्टक भरता येते. ३८६ सेंटचा गंधार मागितला की तो मिळतो आणि वर सांगितलेले विस्पंद नाहीसे होतात. तंबोऱ्याशी संवाद साधण्यापुरता हा उपाय निःसंशय उपयुक्त आहे. परंतु कोष्टक बाराचे असो वा बाविसाचे, ते कोष्टकच राहते. १९६३ मध्ये नझीर जैराझभॉय व ए. डब्ल्यू. स्टोन यांनी प्रत्यक्ष गायन-वादनाची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांत एकाच कलावंताचे एकाच रागातील तेच स्वरांतरसुद्धा सर्वत्र सारखे आढळले नाही. रागातील स्वर हा बिंदू नसून वावरण्याचा प्रदेश आहे, हे त्यावरून अनुमान निघते. प्रदेशाला कितीही खुंट्या ठोकल्या तरी त्या खुंट्यांची बेरीज म्हणजे प्रदेश होत नाही.

दुसरा धडा पहिल्याला मर्यादा घालणारा आहे. पेटी सदोष असूनही टिकली, कारण ती सुलभ होती, घरात ठेवता येत होती आणि वाजवणाऱ्याने आपल्या कौशल्याने तिचे दोष झाकले. आज्ञावलीच्या बाबतीतही निषेधाने काही साधणार नाही. मात्र येथे एक महत्त्वाचा फरक आहे. मैफलीत पेटी गळ्याच्या मागून जात असे. गवयाचा स्वर पुढे आणि पेटी त्याच्या सावलीसारखी. घरगुती निर्मितीत क्रम उलटतो. आधी यंत्राची सुरावट तयार होते आणि मग गळा तिच्यावर बेतला जातो. जो विद्यार्थी वर्षानुवर्षे या क्रमाने काम करील, त्याच्या कानात कोणता गंधार घर करील हे सांगण्यास ज्योतिषी नको.

५

स्वराविषयी जे म्हटले ते तालाविषयी अधिकच खरे आहे, आणि याकडे लक्ष मात्र कमी गेले आहे. या आज्ञावलींत ताल दोन अंकांनी सांगितला जातो : एका आवर्तनात किती मात्रा आणि मात्रेचे मूल्य काय. या भाषेत झपताल व सूलताल हे एकच होत, कारण दोन्ही दहा मात्रांचे. झपतालाचे विभाग दोन-तीन-दोन-तीन असे पडतात व सूलतालाचे दोन-दोनचे पाच, हा फरक त्या दोन अंकांत मावत नाही. एकताल आणि चौताल यांची गतही तीच.

रूपकाचे उदाहरण याहून बोलके आहे. सात मात्रांच्या या तालाचे विभाग तीन-दोन-दोन असे असून त्याची सम खालीवर येते. तेथे टाळी नसते. आज्ञावलीचा ठोका मात्र आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर ठळक वाजतो, कारण पहिली मात्रा म्हणजे जोराची मात्रा हे तिचे गृहीतक आहे. ज्या जागी गाणाऱ्याने पोकळी अनुभवावयाची, त्याच जागी यंत्र ठणकावून सांगते की येथे वजन आहे.

याहूनही खोल विसंवाद आवर्तनाच्या कल्पनेत आहे. आज्ञावलीत एक आवर्तन हा पेटीसारखा बंद तुकडा असतो. पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत. तो कापावा, त्याची नक्कल करावी, हव्या तितक्या वेळा पुढे चिकटवावा. परंतु बंदिशीचा मुखडा समेच्या आधी उठतो आणि समेवर येऊन पूर्ण होतो. म्हणजे अर्थपूर्ण वाक्य हे आवर्तनाच्या आत नसून दोन आवर्तनांच्या सांध्यावर असते. सम हा आरंभ असतो त्याहून अधिक ते आगमन असते. यंत्र नेमके त्याच सांध्यावर कात्री चालवते. तबल्याच्या बाबतीतही हेच. 'हायड्रोजन'मध्ये आघाताच्या जोरानुसार निरनिराळे नमुने वाजवण्याची उत्तम सोय आहे. परंतु बायावरची घुमक, जी एका आघातातून दुसऱ्याकडे सरकत जाते, ती सुट्या आघातांच्या चौकटीत बसत नाही. ठेका मिळतो, ठेक्याची चाल मिळत नाही.

६

आतापर्यंतची टीका दुसऱ्या वर्गावर होती. तेव्हा स्वराशी तटस्थ असलेला पहिला वर्ग पूर्णतः निर्दोष मानावा काय? तसेही नाही. घरी एकट्याने ध्वनिमुद्रण करणारा मनुष्य एकामागून एक पदर चढवतो : आधी तंबोरा, मग ठेका, मग गाणे, मग पेटी. प्रत्येक पदर पूर्वीच्या पदराला उत्तर देऊ शकतो. पूर्वीचा पदर मात्र नंतरच्याला उत्तर देऊ शकत नाही. ख्यालातील साथ ही दुतर्फा असते. गायकाने उपज घेतली की तबलजी ती ओळखतो, समेवर दोघे भेटतात आणि त्या भेटीतून पुढची कल्पना सुचते. थरांनी रचलेल्या संगीतात हा संवाद संभवत नाही, आणि त्याला कोणतीही आज्ञावली उपाय पुरवू शकणार नाही.

परंतु सर्व गायनप्रकारांना हा आक्षेप सारखाच लागू नाही. भावगीतात चाल, वाद्यमेळ व कडव्यांची लांबी आधीच ठरलेली असते. भक्तिगीताचीही बहुधा तीच स्थिती. असे संगीत थरांनी रचले तरी त्याचा प्राण जात नाही. गायकाला सावकाश, अनेकदा गाऊन हवी ती जागा टिपता येते, हा उलट लाभच आहे. जे संगीत रचनेत पूर्ण होते ते या पद्धतीला मानवते. जे सादर होता होता घडते ते मानवत नाही. ख्याल घरी टिपावयाचाच असेल तर सर्व कलावंतांना एकत्र बसवून, ठोका बंद ठेवून, एकाच बैठकीत टिपावा. 'आर्डर' किंवा 'ऑडॅसिटी' त्याला कोणतीच हरकत घेत नाही.

७

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. परवान्याने मुक्त असलेली साधने स्वराच्या बाबतीत बद्ध असतील, तर त्या मुक्ततेला काय अर्थ उरतो? आमच्या मते अर्थ उरतो, आणि तो मोठा आहे. मात्र तो सिद्ध करून दाखवावा लागतो.

भातखंड्यांची स्वरलिपीही एक प्रकारची आज्ञावलीच होती. काय लिहावयाचे आणि काय गुरुमुखावर सोडावयाचे याचा निर्णय तिनेही केला, आणि त्या निर्णयावर वाद झाले. तो वाद शक्य झाला, कारण लिपी सर्वांसमोर उघडी होती. मुक्त आज्ञावलीची मूळ संहिता तशीच उघडी आहे. पहिल्या मात्रेला जोर कोठे दिला जातो, स्वराला क्रमांक कोठे मिळतो, हे तिच्यात ओळीने लिहिलेले आहे. ते वाचता येते व बदलता येते. संपूर्ण आज्ञावली नव्याने लिहिण्याचीही आवश्यकता नाही. २०१६ च्या पाचव्या आवृत्तीपासून 'आर्डर'मध्ये लुआ भाषेत छोट्या पुरवण्या जोडता येतात. टाळी-खाली ओळखणारा ठेका, किंवा रूपकाची सम मृदू ठेवणारा ठोका, हे एखाद्या पदव्युत्तर प्रबंधिकेच्या आवाक्यातले काम आहे.

अधिकार असणे आणि तो बजावणे यांतील अंतर २०२१ मध्ये एका निराळ्या प्रसंगी दिसून आले. त्या वर्षी 'ऑडॅसिटी'ची मालकी म्यूझ ग्रुप या कंपनीकडे गेली आणि वापराविषयीची माहिती गोळा करण्याची योजना पुढे आली. वापरणाऱ्यांनी तीव्र विरोध केला, काहींनी संहितेच्या स्वतंत्र शाखा काढल्या, आणि योजना मूळ स्वरूपात मागे घ्यावी लागली. मुक्त परवान्याची शक्ती ती हीच. आपल्या खासगी माहितीविषयी जागा असलेला समाज हे करू शकला. आपल्या गंधाराविषयी आपण तितके जागे आहोत काय, हा प्रश्न आहे.

संगीतविभागांनी यातून घ्यावयाचे काम दुहेरी आहे. विद्यार्थ्याला या साधनांचा अभ्यास देताना त्यांचे बटण कोठे आहे एवढेच न शिकवता त्यांनी स्वर व ताल यांविषयी काय गृहीत धरले आहे तेही शिकवावे. आणि तंबोऱ्याशी कान जुळल्यावाचून त्याला पट्ट्यांच्या पडद्यापुढे बसवू नये. याच्या जोडीला, संगीत जाणणारा व संहिता जाणणारा अशा दोघांना एका टेबलाशी आणावे. देवलांजवळ गणित होते, पेटीही होती. परंतु पेटीचा साचा त्यांना पुन्हा पुन्हा बदलून पाहता येण्याजोगा नव्हता. आजच्या अभ्यासकाला ती सोय आहे. साचा उघडा असताना आणि बदलण्याची मुभा असतानाही तो जसाच्या तसा वापरीत राहिलो, तर दोष साच्याचा म्हणता येणार नाही.